तीनदा मोजलेलं एक माणूस

गेल्या महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी सव्वानऊ. ठाकुर्ली, आमच्या इमारतीचा दुसरा मजला, कांबळेकाकांचं घर. हजर: ठाण्याहून आलेली काकांची मुलगी अश्विनी आणि जावई, कल्याणची त्यांची भावजय, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष पाटीलदादा, मागच्या चाळीतल्या सुनंदाताई आणि त्यांच्याबरोबरच्या चार-पाच बायका, वागळे इस्टेटमधले काकांचे दोन जुने सहकारी, आणि समोरच्या दारातली मी. जिन्यात उभे होते ते धरलेले नाहीत. काका पहाटे झोपेतच गेले होते. वय एक्याऐंशी.

मला रडू आलं, पण त्याआधी हायसं वाटलं, हे लिहायला हवं. कोरोनाच्या पहिल्या वर्षी काकांचा धाकटा भाऊ गेला तेव्हा निरोपाला दोघांनाच सोडलं होतं आणि काका त्या दोघांत नव्हते. ते इथे खिडकीशी उभे राहून त्रिशरण म्हणत होते... आणि आज त्यांच्याच घरात बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा आवाज जिन्यातूनही येत होता. अश्विनी माझा हात धरून म्हणाली, "ताई, आत किती माणसं सोडायची, ते कुणी विचारलं नाही गं." तेवढ्यानेच तिला बरं वाटलं होतं, आणि मलाही.

काका तीसेक वर्षं वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात तपासनीस होते. यंत्रावरून उतरलेला सुटा भाग मापात आहे की नाही ते पाहायचं, नसेल तर बाजूला काढायचं. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. माझ्या हातची पोळी उचलून "काठ जाड आहे" म्हणायचे आणि दुसरी मागायचे. मी सोसायटीची सेक्रेटरी, वह्या-याद्या माझ्याकडे, त्यामुळे आमचं जमायचं. वाद व्हायचे तेही रकान्यांवरून.

कोरोनाच्या त्या पहिल्या वर्षी पालिकेचं पथक आमच्या सभागृहात येऊन स्वॅब घ्यायचं. इमारत आणि मागची चाळ, दोन्हींसाठी एकच शिबिर. रिपोर्ट फोनवर यायचे, मी वहीत उतरवायचे आणि रोज संध्याकाळी फळ्यावर लिहायचे: इमारतीत इतके, चाळीत इतके. चाळीचा आकडा चढतच गेला. मग एका सकाळी मागचं फाटक बंद झालं. चाळीतल्या बायका त्याच फाटकातून धुण्याभांड्याला यायच्या. सुनंदाताईंची कामाची चार घरं एका दिवसात सुटली. नवऱ्याची कंपनी आधीच बंद होती. त्या फाटकापलीकडून ओरडून विचारत होत्या, "मॅडम, कधी उघडनार? निदान तेवढं तरी सांगा!" मी म्हणाले, "आकडा खाली येऊ दे." मला तेव्हा ते अगदी रास्त वाटलं होतं.

पाचव्या दिवशी काकांनी वही मागितली. ते दाराच्या आत स्टुलावर, मी जिन्याच्या पायरीवर, दोघांच्या तोंडाला मास्क. बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "माधुरी, हे रिपोर्ट झाले. माणसं किती?"

"तेच की काका. प्रत्येक ओळ म्हणजे एक पॉझिटिव्ह."

"सुनंदा इथे आहे. नऊ दिवसांनी पुन्हा आहे. या पानावर पुन्हा. तीनदा आजारी पडली?"

त्यांनी पेन्सिल ठेवली. "अगं, एकच नग तीन वेळा तपासला आणि तिन्ही वेळा नापास झाला, तर खराब नग किती?"

एक. झालं असं होतं की इमारतीतली माणसं एकदाच तपासून घेत होती. चाळीतल्या बायकांकडे मात्र कामावर परत घेण्याआधी प्रत्येक घर ताजा रिपोर्ट मागत होतं, म्हणून त्या पुन्हा पुन्हा रांगेत उभ्या राहत होत्या. बरं झाल्यावरही काही आठवडे तपासणीत विषाणूचा अंश सापडू शकतो, हे मला पथकातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सांगितलं होतं, मी लिहूनही घेतलं होतं, आणि तरी रोज नवीन ओळ वाढवत होते. आम्ही तिथेच नावानिशी पुन्हा मोजलं. चाळीचा आकडा निम्म्याच्याही खाली आला. किती तपासले त्याच्याशी ताडून पाहिलं तर इमारतीपेक्षा चाळ वाईट नव्हती.

संध्याकाळी काका मला बरोबर घेऊन पाटीलदादांसमोर उभे राहिले. इमारत पाटीलदादांच्या बापजाद्यांच्या भातशेतावर उभी आहे, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. काका म्हणाले, "मोजणीत आमची चूक झाली. फाटक उघडा."

"आमची म्हंजे कुनाची? वही तं हिच्याकडं असते."

"वहीवर आता माझीही पेन्सिल आहे. आमची."

पाटीलदादांनी डोकं खाजवलं. "काका, तुमी माप घेतलं म्हंजे बोलनं खुंटलं. उघडतो." दुसऱ्या सकाळी सुनंदाताई पहिल्या आत आल्या. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं ते तेव्हा. सगळं ओझं उतरलं असं मात्र काकांनी मला समजू दिलं नाही. जिन्यात थांबवून म्हणाले, "इमारतीला 'आमची' पुरे झालं. चाळीत जाऊन चूक 'माझी' म्हणून सांग. घरं तिची सुटली होती." मी हो म्हणाले. सुनंदाताईंना तीन घरं परत मिळाली होती, चौथं मिळालं नाही. त्यानंतर लशीच्या याद्या आल्या, पुन्हा लाट आली, वर्षं गेली. काकांनी परत कधी विचारलं नाही. न विचारणं ही त्यांची तपासणीच होती, असं मला आता वाटतं.

त्या रविवारी सगळं आटोपल्यावर मी आणि सुनंदाताई ओट्याशी चहाचे पेले विसळत होतो. त्या म्हणाल्या, "काकांनी आमचं फाटक उघडलं, हे मी मरेस्तवर नाही विसरनार. बंद कुनामुळं झालेलं, ते काय कधी कळलं नाही बघा." आवाजात राग नव्हता. त्यांनी पेला पुसून मला दिला आणि मी तो पालथा घातला. बाहेरून अश्विनीने हाक मारली. मी गेले.

हे सगळं लिहून मोकळं व्हावं, असा माझा बेत होता. पण हा कागद हजारोंनी वाचला तरी सांगायचं आहे ते एकाच माणसाला, आणि त्याचं दार आमच्या फाटकापासून चाळीस पावलांवर आहे. सुनंदाताई दुपारी चारनंतर घरी असतात. मी अजून गेलेली नाही.