दोघींचं एक ताट

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, आणि ज्या दोन मैत्रिणींजवळ सगळं बोलले त्यांच्यापासूनही हे एवढं लपवलं. आज तुम्हांला सांगतेय ते मन हलकं करायला नव्हे — ते हलकं व्हावं असं मी काही केलेलं नाही. सांगतेय कारण मला संताप आलाय. मागच्या महिन्यात आमच्या नांदेडच्या शाळेत माझा सत्कार झाला. एका बाईंनी भाषण केलं. निजामाच्या राज्यात मुलींना उंबऱ्याबाहेर सोडत नसत त्या काळात वत्सलाबाई परमुलखात जाऊन शिकल्या, अर्धपोटी राहिल्या, आणा-आणा वाचवून परीक्षेची फी स्वतः भरली आणि वर घरी पैसे घेऊन आल्या — असं ते भाषण. समोर शाळेतल्या सगळ्या मुली बसलेल्या. त्यांना सांगितलं, यांच्यासारखं वागायला शिका.

माझ्यासारखं? मी कशी वागले ते कुणी विचारलंय का कधी?

आणि मी काय केलं — तर हात जोडले, नारळ घेतला आणि खाली बसले. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. त्या बाईवर, त्या टाळ्यांवर, आणि सगळ्यांत जास्त त्या जोडलेल्या हातांवर.

ती काटकसर माझी नव्हतीच. ती गिरिजाची होती. गिरिजा देगलूरची, लिंगायत वाण्याची मुलगी. वडील वारलेले, दुकान भावांच्या हातात, आणि शिक्षणाचा खर्च मामाकडे — तोही कपाळाला आठ्या घालून. माझे वडील नांदेडला तहसील कचेरीत कारकून. आमच्याकडे तेव्हा सगळी तालीम उर्दूतून. मराठी शाळेत शिकवायचं शिक्षण घ्यायचं तर मुलीला इंग्रजी अमलात, पुण्याला जावं लागे. आम्ही दोघी एकाच गाडीनं निघालो. मनमाडला गाडी बदलली की आपला मुलूख सुटायचा. आपला निजामी हाली रुपया तिकडं चालत नसे. तो देऊन इंग्रजी कलदार रुपया घ्यायचा, आणि त्यात दर वेळी काही आणे जायचे. पहिल्यांदा पैसे बदलले तेव्हा गिरिजा रडकुंडीला आली होती. म्हणाली, काही न खातापिताच आपले पैसे संपून राहिले.

आम्हांला बोर्डिंगात एकच खोली मिळाली. ती मला अक्का म्हणायची. मी तिच्याहून दीडच वर्षानं मोठी होते. दोघींच्याही घरून बजावलेलं होतं — महिन्याचे ठरलेले पैसे येतील, परीक्षेची फी म्हणून वेगळं काही मागायचं नाही. मग फी आणायची कुठून?

वाट गिरिजानं काढली. जेवणाचे पैसे माणशी भरायचे होते, पण जी मुलगी स्वतः शिजवून खाईल तिला ते माफ. गिरिजानं लिहून दिलं की आमच्यात बाहेरचं चालत नाही, मी माझं शिजवीन. मी माझ्या नावानं ताट घ्यायचं, अभ्यासाचं निमित्त सांगून खोलीत आणायचं, आणि दोघींनी त्यातच जेवायचं. पोळ्या मोजून मिळत, भात-आमटी मात्र हवी तेवढी. तिची चूल पेटलेली दिसायला हवी म्हणून ती मागच्या पडवीत रोज दोन भाकरी थापायची. मामाच्या घरून आलेलं तिखट आणि त्या दोन भाकरी असं धरून आमचं बरं चालायचं. माझ्या ताटाचे पैसे दोघींत निम्मे. वाचलेले एका पत्र्याच्या डब्यात, डबा माझ्या पेटीत. महिनाअखेरीला ती डबा मांडीवर घेऊन तेलुगूत मोजायची — ओकटी, रेंडू, मूडू — देगलूरला दुकानात ती तसंच मोजायला शिकली होती.

ही लबाडी होती, मान्य. बोर्डिंगाची आम्ही फसवणूक केली. पण ती दोघींनी मिळून केली, हसत केली, आणि त्याबद्दल मला आजही फारसं वाईट वाटत नाही. मला जे सांगायचंय ते हे नव्हे. मी पुन्हा बाजूलाच जातेय — बघा, इतक्या वर्षांनीसुद्धा.

परीक्षेला दीड महिना उरला असताना स्वयंपाकीण काकूंनी तक्रार केली. ही मुलगी तीन-तीनदा भात नेते आणि अंगावर तर मांस दिसत नाही. रेक्टरबाईंनी मला दुपारी त्यांच्या खोलीत बोलावलं. एकटीला. सरळ विचारलं, "एका ताटात दोघी जेवता का?"

हो म्हणायचं होतं. एवढंच. दोघींना दंड झाला असता, आठ महिन्यांचे पैसे भरायला लावले असते; कदाचित दोघींना घरी पाठवलं असतं. पण माझ्या मनात दंड आला नाही. मनात आलं की घरी पत्र जाईल — तुमची मुलगी लिंगायताच्या मुलीबरोबर एका ताटात जेवते. आमच्या घरात ते चोरीहून वाईट होतं. ज्या पोरीचं उष्टं मी आठ महिने आवडीनं खाल्लं होतं, तिची मला त्या एका क्षणी लाज वाटली. मी म्हणाले, "मी ताट झाकून हातपाय धुवायला जाते. परत येते तेव्हा कमी झालेलं असतं. म्हणून पुन्हा आणावं लागतं."

"कोण घेतं?"

"खोलीत आम्ही दोघीच असतो, बाई."

नाव मी घेतलं नाही. पुढं कित्येक दिवस मी स्वतःला हेच बजावत होते — मी कुठं नाव घेतलं? काय पण हुशारी! माणसाचा गळा कापायचा आणि सुरी दुसऱ्याच्या हातात ठेवायची. मी सदतीस वर्षं मुलींना खरं बोलायला शिकवलं. पण खोटं बोलण्यात माझा हात धरणारी मुलगी मला एकाही वर्गात भेटली नाही.

त्यांनी गिरिजाला बोलावलं. मी तिथंच उभी. रेक्टरबाईंनी मी सांगितलं ते सगळं तिला सांगितलं आणि विचारलं, हे खरं आहे का. गिरिजा माझ्याकडं बघत राहिली. मी बोलेन असं तिला वाटत असावं. मी कोपऱ्यातल्या पाण्याच्या घडवंचीकडं बघत होते. मग ती म्हणाली, "हाव. अक्का म्हनते तसंच हाय."

का म्हणाली ती तसं? तिनं मला तिथंच खोटी पाडायला हवं होतं. डबा काढून रेक्टरबाईंच्या पुढ्यात आपटायला हवा होता. मला तिचा राग यायचा — हो, तिचा! — ती ओरडली असती तर मी मोडले असते, खरं बोलले असते, असं मी कितीतरी वर्षं मानत आले. आता मानत नाही. ती ओरडली असती तर मी आणखी मोठ्यानं ओरडले असते. रेक्टरबाईंचाही राग येतो. त्या बाईंना दिसत होतं; न दिसायला त्या आंधळ्या नव्हत्या. पण एकीला घालवून प्रकरण मिटत होतं, आणि घालवायला तीच सोपी होती. तेवढं मलाही कळलं होतं, म्हणून तर मी तसं बोलले. मग त्यांच्यावर कशाला रागावू?

तिसऱ्या दिवशी मामा आला. खोलीच्या दारात पाठ करून उभा राहिला, आत बघायलाही तयार नव्हता. गिरिजा वळकटी बांधत होती. डबा माझ्या पेटीत, आणि मी पेटीवर बसलेली. त्याच्यासमोर तो काढला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. तिलाही ते कळलं. दोरीची गाठ मारता मारता हळूच म्हणाली, "माझे तेवढे पाठवून दे, अक्का. मामाकडं नको. मायच्या नावानं दे, देगलूरला."

मी मान डोलावली.

पाठवले नाहीत. आधी वाटलं, इतक्यात मनिऑर्डर केली तर कुणाला संशय येईल. मग परीक्षा आली. मी त्या डब्यातून फी भरली — माझी एकटीची. तरी तिच्या वाट्यातले बरेच उरले. सुटीत घरी आले तेव्हा ते वडिलांच्या हातावर ठेवले, वाचवले म्हणून. वडिलांनी ते गल्लीत चार घरी सांगितलं. माझी पोरगी परमुलखात शिकून, खाऊन-पिऊन, वर पैसे घेऊन आली. तिथून ती गोष्ट सुरू झाली, आणि मागच्या महिन्यात ती माझ्या गळ्यात हार होऊन पडली. त्या वेळी वडिलांना अडवलं असतं तर? पण मला ते ऐकायला आवडत होतं. खोटं कशाला सांगू? फार आवडत होतं.

मी नांदेडला मुलींच्या शाळेत लागले. दोन वर्षं झाली असतील. रझाकारांचे दिवस होते. सरहद्दीकडची माणसं लेकीबाळींना शहरात आणून ठेवत होती. एक दिवस शाळा सुटायच्या सुमाराला गिरिजा आली. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. मी शाळेच्या बोर्डिंगासाठी नावं लिहून घ्यायला बसले होते. शेजारच्या टेबलावर आमच्या मोठ्या बाई. गिरिजा वाळली होती. शिक्षण तिथंच सुटलं होतं. मामानं त्याच उन्हाळ्यात तिला उदगीरला एका बिजवराला देऊन टाकलं होतं. हे तिनं सांगितलं नाही, मला आधीच कळलेलं होतं.

"नमस्कार, बाई," ती म्हणाली. अक्का नाही. "ही माझ्या भावाची पोरगी. बोर्डिंगात ठेवायची हाय. खान्याचे पैसे पुरे भरते."

मी मुलीचं नाव विचारलं, लिहिलं. वय लिहिलं. गाव लिहिलं. तिनं पैसे टेबलावर ठेवले, मी पावती फाडली. मग ती थोडं वाकून, मला एकटीलाच ऐकू येईल असं बोलली. आवाजात राग नव्हता. एखादी माहिती द्यावी तसं बोलली.

"मायनं वरीसभर टपालवाल्याला इचारलं, बाई. आता न्हाई ती."

माझा पगार त्याच दिवशी झाला होता. पैसे पिशवीत, पिशवी माझ्या पायाशी. हात खाली घातला असता तर पुरला असता. मी टाक दौतीत बुडवला आणि पुढच्या ओळीवर आकडा घातला.

ती वळली. दाराशी जाऊन चपला घालू लागली. मोठ्या बाईंनी मान वर करून विचारलं, "कोण हो या? तुमच्या ओळखीच्या वाटतं?"

इथं ना रेक्टरबाई होत्या, ना दंड होता, ना घरी पत्र जाणार होतं. कुणीही मला काही करणार नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "देगलूरकडची कुणीतरी आहे."

दार दहा पावलांवर होतं. तिनं ऐकलं.