तिकीट कल्याणचं, गाडी दौंडची

माझी खाला, म्हणजे अम्माची थोरली बहीण, ऐन तरुणपणी विधवा झाली आणि लहानग्या मुलीला घेऊन पौडला आमच्या घरी आली, ती कायमचीच. अब्बांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. ते खालाला कधी वावगं बोलले नाहीत. पण खालानंही आमच्या घरात कधी काही मागितलं नाही. अंगाचा साबण संपला तरी सांगायची नाही. दोन-दोन दिवस नुसत्या पाण्यानं भागवायची.

तिची मुलगी पुढं भुसावळला दिली. जावई शाळामास्तर. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मुलीला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं. बाळंतपणाला ती माहेरी येणं शक्य नव्हतं, म्हणून खालानंच तिकडं जायचं ठरलं. सोबत मी. मी एकोणीस वर्षांची होते, पुण्यात कॉलेजात शिकत होते, आणि घरात रेल्वेची माहिती असणारी मीच, असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

तिकिटं काढायला पुणे स्टेशनवर गेले. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "भुसावळ, व्हाया कुठून?"

मला कळेना. "भुसावळलाच जायचंय," मी म्हटलं.

"अहो, ते कळलं. दौंडवरून की कल्याणवरून? भुसावळला जायला दोन वाटा आहेत. दोन्ही मनमाडला एक होतात. तिकिटावर जी वाट लिहिली असेल, तिनंच जायचं. दौंडवरून जवळ पडतं. कल्याणवरून लांब, वर गाडीही बदलावी लागते."

त्यानं इतकं नीट सांगितलं, तरी मी "कल्याण" म्हटलं. कारण एकच. लोणावळ्याच्या पुढचे घाटातले बोगदे मी कधी पाहिले नव्हते. मैत्रिणी त्यांचं वर्णन करायच्या तेव्हा मला गप्प बसावं लागायचं. खालाला विचारावं असं मनातही आलं नाही. पुठ्ठ्याची दोन छोटी तिकिटं पर्समध्ये टाकून मी खुशीत घरी आले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी खाला बोचकं बांधत होती. आंबेमोहोराचा तांदूळ, डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्यांची दुपटी. मधेच तिनं अगदी सहज विचारलं, "नगरला गाडी किती येळ थांबती गं?"

"नगरला कशाला थांबेल? आपण कल्याणवरून चाललोय."

तिचे हात थांबले. "भुसावळची गाडी नगरावरनं जाती ना?"

"एक जाते. पण आपलं तिकीट दुसऱ्या रस्त्याचं आहे."

"व्हय का," ती म्हणाली आणि पुन्हा गाठ मारू लागली. पण ती गाठ काही बसेना. मी जवळ जाऊन बसले तेव्हा हळूहळू कळलं. मामू, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, नगरला शिंपीकाम करायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. ते पौडला येऊ शकत नव्हते, आणि ही जाते म्हणाली नव्हती. अकरा वर्षांत दोघांची गाठ नव्हती. भुसावळचं ठरल्याबरोबर तिनं पोस्टमास्तरांकडून कार्ड लिहून घेतलं होतं: शुक्रवारच्या सकाळच्या भुसावळ गाडीत मी असंन, ठेसनात ये.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी जवळजवळ ओरडलेच. "थांब, अब्बांना सांगते."

तिनं माझं मनगट धरलं. "न्हाई सांगायचं. आधीच त्यांना भाड्याचा भुर्दंड, त्यात माझी हौस कुटं? तुला काय ठावं व्हतं? ऱ्हाऊ दे."

ते 'ऱ्हाऊ दे' ती इतक्या सवयीनं म्हणाली की मला माझीच लाज वाटली. सकाळी लवकर स्टेशन गाठायचं आणि तिकिटं बदलून घ्यायची, असं मी ठरवलं.

पण पिरंगुटच्या पुढं एसटी पंक्चर झाली. स्टेशनात पोचलो तेव्हा खिडकीपुढची रांग पार बाहेरपर्यंत आली होती आणि दौंडवरून जाणारी गाडी फलाटाला उभी होती. आमची कल्याणची गाडी तासाभरानं होती. मी बोचकं उचललं.

"तिकीट दुसरं हाय ना?" खाला म्हणाली.

"तू चल."

बसायला जागा मिळाली, पण मला चैन नव्हतं. काळा कोट दिसला की मी खिडकीबाहेर बघू लागायचे. दौंडला गाडी बराच वेळ थांबली. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावलं आणि गाडी उलट्या दिशेनं निघाली. खाला घाबरून उभीच राहिली. "अगं, ही माघारी निघाली! आपल्यामुळं तर न्हाई?" शेजारची बाई हसली, म्हणाली, इथं रोजच अशी तोंड फिरवते. त्याच वेळी तिकीट तपासनीस डब्यात चढले होते.

पन्नाशीचे, जाड चष्म्याचे गृहस्थ. तिकीट डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी वाचलं. "हे कल्याणवरून आहे, बाई. तुम्ही या गाडीत कशा?"

काही तरी थाप मारावी असं मनात आलं. मी काही बोलायच्या आत खाला उभी राहिली. "सायब, पोरीची चूक न्हाई. म्याच येळंवर बोलले न्हाई. फुडच्या ठेसनात उतरवा, पर नगर तेवढं येऊ द्या. भाऊ वाट बगत आसंल." आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं. आमच्या घरात वर्षानुवर्षं जी एक वाटी साखर जास्त मागू शकली नाही, ती भरल्या डब्यात एका परक्या माणसाकडं नगर मागत होती.

ते समोरच्या बाकाच्या कडेवर टेकले. मला म्हणाले, "मार्ग बदलायचा तर गाडीत बसण्याआधी सांगावं लागतं. तसं लिहून घ्यावं लागतं. शिकलेल्या दिसता, एवढं विचारायला हवं होतं."

मी मान खाली घातली.

"पण कल्याणची वाट लांबची. तिचं भाडं तुम्ही भरलंय, आणि जाताय जवळच्या वाटेनं. रेल्वेचं काही बुडालं नाही. उलट असतं, दौंडचं तिकीट आणि कल्याणची गाडी, तर फरक घेतल्याशिवाय मी सोडलं नसतं." त्यांनी तिकिटांच्या मागं बारीक अक्षरात काही तरी लिहिलं, सही केली. मग खालाकडं वळून म्हणाले, "नगरला दहा मिनिटं आहेत, मावशी. खुशाल उतरा. मी दारातच उभा राहतो."

नगरला मामू फलाटावरच्या बाकावर बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. मामी हात वर करून प्रत्येक डब्याकडं बघत होत्या. खाला त्या वयात धावली. समोर जाऊन उभी राहिली, त्यांचं तोंड न्याहाळलं. मग म्हणाली, "दात कुटं गेलं रं तुजं?"

"तुजी वाट बगून पडलं," मामू म्हणाले. जीभ जड झाली होती, शब्द तुटत होते, पण कळलं. दोघंही हसायला लागली आणि हसताहसता रडायला. तिनं शेजारी टेकून त्यांचा लुळा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट सरळ करत राहिली. दहा मिनिटांत फारसं बोलणं झालंच नाही. शिट्टी झाली तेव्हा तपासनिसांनी तिला दंडाला धरून वर घेतलं.

भुसावळला महिन्याभरानं मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी त्याआधीच परतले होते आणि अब्बांना सगळं सांगून टाकलं होतं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते कापड मोजता मोजता थांबले. "मी कधी नाही म्हटलं असतं का गं?" त्यांनी मला विचारलं. दुकानात गिऱ्हाईक आलं, तरी ते तसेच बसून होते.

खालाला आणायला ते स्वतः भुसावळला गेले. येताना दोघं नगरला उतरले, आठ दिवस राहिले, आणि थंडी सुरू झाल्यावर मामूंना पौडला पाठवा असं मामींना सांगून आले. मामू आले. अब्बांनी त्यांना दुकानाच्या पायरीशी खुर्ची टाकून दिली. ते तिथून गिऱ्हाइकांना कापडाचा पोत समजावून सांगत, आणि खाला दुपारी डबा घेऊन गेली की दोघं भाजीत मीठ कमी की जास्त यावर भांडत जेवत.