वडलांचं पथ्य आणि जत्रेचं जेवण

मिरजेच्या डॉक्टरांनी वडलांना सांगितलं, रक्तात कोलेस्टेरॉल वाढलंय, हृदयाला धोका आहे. मटण, तूप, अंड्याचा बलक सगळं बंद. वडील एकाहत्तरची लढाई लढून सुभेदार म्हणून गावी परतलेले. तोफांपुढं न डगमगलेला हा माणूस करडईच्या तेलातल्या भाजीपुढं पिसाळला. पहिल्याच दिवशी ताट भिंतीवर आपटलं.

"मला काय मरायला टेकलेला समजलीस व्हय गं?" असं म्हणत आईच्या पाठीत बुक्की घातली. आईनं सांडलेलं गोळा केलं आणि पुन्हा तीच भाजी वाढली. ती मार खाई, पण तुपाचा डबा कुलपातून काढत नसे. वडलांचा मला संताप येई, आणि तिचाही राग येई.

चैतात गावची जत्रा आली. जत्रेला बोकड पडतो, आणि पंगतीत दाजीच्या वाटीत मेहुण्यानं स्वतःच्या हातानं रश्शाचा कट, म्हणजे वर तरंगणारी लाल चरबी, ओतायची आमच्याकडं पद्धत. कट जितका जास्त तितका मान मोठा. माणूस मेला तरी बेहत्तर, आग्रह कमी पडता कामा नये, ही आमची माया.

मामा पळी भरून आला. "दाजी, आज डाक्टरचं काय चालायचं न्हाई. घ्या!"

वडलांनी हसत वाटी पुढं केली. पुरुषांच्या पंगतीत बायका येत नसत. आई तडक आली, भावाच्या हातातली पळी हिसकली आणि त्याच्याच मनगटावर हाणली. कढत रस्सा उडाला, मामा बोंबलत मागं सरला.

"त्यांस्नी मारायला आलाईस व्हय रं? माझं कुकू पुसतोस?"

वडील उठले. पंगतीदेखत तिच्या कानशिलात अशी ठेवून दिली की ती उंबऱ्यावर पडली, ओठ फुटला. दुसऱ्यांदा वर गेलेला हात मात्र खाली आला तो स्वतःच्या छातीवर. घामानं न्हाऊन ते मटकन बसले. फुटक्या ओठानं ओरडून आईनंच जीप मागवली आणि मिरजेपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर धरून बसली.

ते वाचले. पुढं पथ्य कसोशीनं पाळलं, रोज ओढ्यापर्यंत चालून येऊ लागले. पाहुणे त्यांच्या निग्रहाचं कौतुक करत, आई चहा गाळत असे. तपासणीला गेलं की डॉक्टर म्हणत, हृदय ठणठणीत आहे. बायकोवर हात उचलणं बंद करा, असं त्यांनी कधी लिहून दिलं नाही. ते शेवटपर्यंत चालूच राहिलं.