गोंदणावर गेलेली सुई

डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. म्हणजे रक्ताचा कॅन्सर." आईने त्यांना एवढंच विचारलं, "मंग सारखं टोचाल का?" मला तिचा रागच आला. जीवावर बेतलंय आणि हिला सुईचं पडलंय!

पण खरं दुखणं सुईचंच निघालं. केमोथेरपीने शिरा सापडेनाशा झाल्या. छातीत बसवलेली नळी इन्फेक्शनमुळे काढावी लागली. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, त्याशिवाय पुढचा डोस नाही. दहिवलीहून पनवेलला जायचं आणि हात काळेनिळे करून परत यायचं. सुई शिरताना मी तिचा दुसरा हात घट्ट दाबून धरायचे. एकदा येताना रिक्षात ती म्हणाली, "बाय, आता सुई नको. मी नाय येणार."

तेवढ्यात हॉस्पिटलात रक्त काढणारा रोबो आला. कॅमेऱ्याने कातडीखालची शीर शोधतो, सुई स्वतःच घालतो. मी आईच्या हातापाया पडले. "एकदाच चल गं. हा चुकत नाही." देवाशप्पथ, मला तसंच वाटत होतं.

रोबो चालू असताना पेशंटला कुणी हात लावायचा नाही म्हणे. मला लांब उभं केलं. आईचा हात पट्ट्याने बांधला. लग्नाआधी गोंदून घेतलेली हिरवी वेल त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत होती. मेल्या यंत्राने ती वेलच शीर समजली! सुई आत गेली, रक्त नाही. सरकून पुन्हा गेली, तीही वेलीवरच. आई मान वळवून मला शोधत होती.

मशीन थांबवून डॉक्टर म्हणाले, "गोंदणाची शाई कॅमेऱ्याला शिरेसारखी दिसली. दुसऱ्या हातातून घेऊ." दुसऱ्या हातावर तुळशीवृंदावन होतं.

आईला हसू आलं. "त्याला बिचाऱ्याला काय ठावं," म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "आता तरी पुरं ना गं?" मी तिथेच ढसाढसा रडले आणि हो म्हटलं.

त्यानंतर पॅलिएटिव्ह केअर. म्हणजे आजाराशी भांडायचं नाही, त्रास तेवढा कमी करायचा. आई गेली ती घरीच, स्वतःच्या खाटेवर. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर डॉक्टरांच्या आधी त्या माणसाला विचारा. मी आईचं फार उशिरा ऐकलं, तरी थोडे दिवस मिळाले, हे देवाचे उपकारच मानते.

त्या दिवसांत तिने हात पुढे केला, की मी सवयीने घट्ट दाबायचे.

"सैल सोड गं," ती म्हणायची. "आता कोण टोचत नाय. नुसता धर."