न बोलावता जमलेली माणसं

आक्काबाईनं हाळी दिली की गारखेड्यामागच्या वस्तीतल्या साठ बाया अर्ध्या तासात टेम्पोत बसायच्या. सभा कुणाची, हे त्या विचारायच्या नाहीत. सावली हाय का आणि परत कधी सोडणार, एवढंच. बारा वर्षं तिनं हे काम केलं. कुठल्याही पक्षाचा माणूस दारात आला की ती वही काढायची. वहीत घरागणिक नोंद होती: बाई कोण, मूळ गाव कुठलं, कामावरून सुटते कधी. बायांनी विश्वासानं सांगितलेलं.

ती खुलताबादकडच्या मेंढपाळाची लेक. लग्न होऊन शहरात आली, तेव्हा नवरा धोंडिबा वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. बावीस वर्षं त्यानं गाड्यांचे भाग काढले. मग एका सोमवारी गेटवर कागद लागला. माल परदेशात स्वस्त पडतो म्हणून मशिनीही तिकडंच निघाल्या. स्वतःची मशीन खोलून पेटीत भरायचं काम धोंडिबाच्याच वाट्याला आलं.

त्यानं मोर्चे काढले, निवेदनं दिली. तीन पक्षांच्या पुढाऱ्यांनी कारखाना परत आणायचा शब्द दिला, आणि तिन्ही सभांना टाळ्या वाजवणाऱ्या बाया आक्काबाईनंच नेल्या होत्या. निवडून आला त्यानं महिन्याभरात पक्ष बदलला. धोंडिबाचं बोलणंच तुटलं. एका सोसायटीच्या गेटवर तो वॉचमन म्हणून बसू लागला.

यंदा एक नवा पुढारी उठला. लोक त्याला नुसतं भाऊ म्हणायचे. सभेची तारीख जवळ आली तरी आक्काबाईकडं टेम्पो ठरवायला कुणी फिरकलं नाही. सभेच्या दुपारी बघते तर बाया आपल्या पायांनी निघालेल्या. पुरीभाजीचं पाकीट मिळाल्याबिगर जागची न हलणारी पारूबाई सगळ्यांच्या पुढं.

"अगं, कुणी बोलावलं तुमाला?"

"बोलवाया कशाला पायजे? भाऊ आपला हाये."

धोंडिबाही इस्त्रीचा शर्ट घालून गेला. गल्लीत ती जवळजवळ एकटीच उरली. मैदानावरचा भोंगा दारापर्यंत ऐकू येत होता. कारखान्याचं भाऊ बोललाच नाही. "तुमच्या तोंडचा घास कुणी नेला?" तो विचारायचा, आणि माणसं गरजायची, "बाहेरच्यांनी!" भाड्याच्या घोषणा तिला चांगल्या ठाऊक होत्या, तिसऱ्या वेळी त्या ढिल्या पडतात. ही घोषणा मात्र वाढतच चालली. आक्काबाईनं दार लावून घेतलं.

धोंडिबा आला तो घसा बसलेला, डोळे लखलखलेले. कारखाना गेल्यापासून पहिल्यांदा त्यानं पोटभर भाकरी खाल्ली.

"मतं घालून काय मिळालं गं आपल्याला? एकच माणूस पायजे, हातात दंडुका असलेला. निवडणुकाच बंद करा म्हणावं."

"तुमची मशीन बाहेरच्यांनी नेली व्हय? तुमीच भरली ना पेटीत?"

त्यानं ताट सरकवलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊचा कार्यकर्ता अभय दोघांना घेऊन आला. वाकून पाया पडला.

"काकू, बाया नकोत. तुमची वही द्या. कोण कुठून आलंय, तेवढं बघायचंय."

"वही हरवली बाबा."

धोंडिबानं पिठाच्या डब्यामागं हात घातला आणि वही काढून अभयच्या हातात ठेवली. आक्काबाई त्याच्याकडं बघतच राहिली. त्यानं काही तिच्याकडं पाहिलं नाही.

वस्तीच्या टोकाला बिहारची फूलमती राहायची. नवरा फरशी बसवायचा, आठ वर्षांचा शेजार. तिच्या दारासमोर चाळीस माणसं उभी राहिली. हात कुणी उगारला नाही. अभयनं कागदावरून तिचं नाव वाचलं, गाव वाचलं, आणि रविवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली. आक्काबाई तिला घेऊन चौकीत गेली. तिथल्या हवालदारानं अर्ज घेतला, शिक्का मारला आणि हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही यात पडू नका."

रविवारी रिक्षात बोचकी चढली. फूलमतीनं विचारलं, "मौसी, हमारे गाँव का नाम तो सिर्फ आपको पता था ना?"

आक्काबाईनं शेवटचं बोचकं उचलून रिक्षात ठेवलं. पारूबाई ओट्यावर उभी राहून बघत होती, आणि रिकाम्या खोलीला भाडं किती पडेल, हे शेजारणीला विचारत होती.

आठ दिवसांनी अभय पुन्हा आला. या वेळी पाया पडला नाही. नवी कोरी वही त्यानं धोंडिबापुढं धरली.

"काका, आता आपल्यातलेच बघायचेत. सभेला कोण कोण आलं नव्हतं, ते लिहा."

धोंडिबानं पेन घेतलं. त्याचा हात तसाच राहिला. भोवती अभयसोबत आलेली चार पोरं उभी होती आणि सगळी त्याच्या हाताकडं बघत होती.

आक्काबाई चुलीपासून उठली. "त्यांना कशाला विचारता? मी नव्हते. लिवा माझं नाव."

अभय हसला. धोंडिबाच्या हातातलं पेन घेऊन त्यानं सावकाश, पुरं नाव लिहिलं, मग वर बघून विचारलं, "काकू, तुमचं मूळ गाव?"