कवटी उघडण्यापूर्वीची वीस मिनिटे

मी सेनेत नायब सुभेदार होतो. माझे पद धर्मगुरूचे; पलटणीत सारे मला पंडितजी म्हणत. त्या वर्षी पलटण सीमेवर होती आणि मी रजेवर बदलापूरला, हेंद्रेपाड्यातील घरी आलो होतो. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, पूजा आटोपत असताना, कमांडिंग ऑफिसरसाहेबांचा फोन आला.

“पंडितजी, नाईक सुरेश छुट्टी पर अंबरनाथ में है. सिर में चोट लगी है. आप नज़दीक हैं.”

“जी साहब. पहुँचता हूँ.”

नऊ पंचावन्नला मी उल्हासनगर कॅम्प पाचमधील रुग्णालयात पोहोचलो. सुरेश घराचे पत्रे बदलताना छपरावरून पडला होता. पडल्यावर स्वतः उठला, चहा प्यायला, हसून बोललाही. तासाभरात त्याची शुद्ध हरपू लागली. डॉक्टरांनी थोडक्यात सांगितले : कवटीच्या आत रक्त साकळून मेंदूवर दाब येत आहे. कवटीचा एक तुकडा उघडून ते रक्त काढावे लागेल. विलंब झाल्यास हाताशी काही उरणार नाही.

संमतीचा कागद सुरेशच्या वडिलांपुढे होता. अंबरनाथजवळच्या गावचे सत्तरीतले शेतकरी. कवटी उघडण्यास त्यांची हरकत नव्हती. हरकत होती केस काढण्यास.

“मी जित्ता हाय अजून,” ते म्हणाले. “माज्या म्होरं पोराची डोई नाय भादराची. बाप मेल्यावर भादरतात ती.”

“काका, पूर्ण नाही, एका बाजूचेच केस,” डॉक्टर म्हणाले.

“अर्धी भादरली तर मी अर्धा मेलो का?”

येथे माझ्या हातून चूक झाली. मी शास्त्र सांगू लागलो. आपद्धर्म कशास म्हणतात, देहरक्षण हेच आद्य कर्तव्य कसे, असे दोन श्लोक अर्थासह सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“तुजा संस्कृत तुज्यापाशी ठेव, पंडित. तू कदी डोक्याला मार लागल्याला मानूस बगितलास?”

“बघितला.”

“जगला?”

“नाही. त्याच्यापर्यंत डॉक्टर पोहोचू शकला नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून नऊ मिनिटे झाली होती. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो.

“सुरेशचे जावळ काढले होते ना?”

“काडला ना. मामाचे मांडीवर. सगल्या पाड्याला आयकू जाईल असा रडला.”

“तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“समोर हुबा होतो.”

“म्हणजे जिवंत होतात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग कागद ओढला आणि सही केली. “आता मामा नाय राहिला,” ते म्हणाले. “डोका मी धरतो.”

दहा पंधराला वॉर्डबॉयने केस कापण्याची मशीन लावली. म्हाताऱ्याने दोन्ही तळव्यांत मुलाचे मस्तक धरले होते.

“ऑपरेशन शुरू, साहब. समय साढ़े दस,” मी फोनवर कळवले.

“साथ में कौन है?”

“पिताजी.”

“ठीक है. हर घंटे रिपोर्ट.”

एक चाळीसला डॉक्टर बाहेर आले. रक्त काढले होते, हाडाचा तुकडा जागी बसवला होता. तिसऱ्या दिवशी सुरेश नीट बोलू लागला. कानामागे हात फिरवून त्याने पहिली तक्रार केली.

“कोणी भादरलं रे हे? धड अर्धं पण नाय.”

“गप पड,” वडील म्हणाले. “तवा पन असाच रडला होतास.”

सात महिन्यांनी वैद्यकीय मंडळाने त्याला हलक्या कामासाठी योग्य ठरवले. तो पलटणीत परतला, तेव्हा प्रवेशद्वाराजवळच्या पहाऱ्यावर, क्वार्टर गार्डपाशी, मी त्याला प्रसाद दिला.

ज्याच्याविषयी मी त्या बाकावर बोललो, तो शिपाई दिनकर. सुरेश पडला त्याच्या आदल्या हिवाळ्यात सीमेवरच्या चौकीवर कड्यावरचा दगड त्याच्या मस्तकावर पडला. दोन दिवस हिमवर्षाव थांबला नाही. हेलिकॉप्टर उडू शकले नाही. मी त्याच्या उशाशी बसून रामनाम घेत होतो. मुखात गंगाजल मीच घातले आणि अग्नी दिला तेव्हा मंत्रही मीच म्हटले. त्याचे वय बावीस होते.

तर्पणात पितरांनंतर मित्रालाही एक ओंजळ देता येते. माझी ती ओंजळ दिनकरची आहे.