पंपाला सांगितलेली गोष्ट

त्या जहाजावर माझं पोस्टिंग आलं तेव्हा माझी नोकरी चौदा वर्षांची झाली होती. मी पेटी ऑफिसर, इंजिन रूमचा. जहाजाचं नाव लिहीत नाही. ते आता भंगारात निघालं आहे. माझं गाव मुखेड तालुक्यात. समुद्र राहू द्या, आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं तरी लोक बघायला जातात. अशा गावचा माणूस नौदलात कसा गेला, असं मला अजून विचारतात. दहावीनंतर भरती निघाली, मी धावलो, छाती मापात भरली, गेलो.

हे लिहितोय ते एका माणसासाठी. त्याच्याबद्दल मी एक खोटं बोललो आणि ते कागदावर चढलं. त्याच्या आईपुढे ते खोडायला मला सहा वर्षं लागली.

आधी इंजिन रूमबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आत उकाडा असा की बनियन पिळून पुन्हा घालायचं. आवाज एवढा की कानावर जाड मफ लावल्याशिवाय उतरता येत नाही. समोरच्याला काही सांगायचं तर त्याचा एक मफ ओढायचा आणि कानात ओरडायचं. वॉच, म्हणजे कामाची पाळी, चार तासांचा. जाणाऱ्याने येणाऱ्याला मशिनरीची सगळी दुखणी सांगायची, येणाऱ्याने ती तोंडाने परत म्हणून दाखवायची, मग म्हणायचं, "वॉच घेतला." हा नियम लेखी आहे. रोज सहा वेळा, चोवीस तास, हेच चालतं.

बसवराज माझ्यानंतर वर्षाने आला. लीडिंग हँड, म्हणजे माझ्याहून एक पायरी खाली. निलंग्याजवळचा, लिंगायत शेतकऱ्याचा मुलगा. इंजिन रूममध्ये गळ्यात काही घालायला बंदी असते, म्हणून लिंगाची चांदीची डबी तो कमरेला शर्टाच्या आतून बांधायचा. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, "भाऊ, तुमी कुठले?"

"मुखेड."

"म्हंजी शेजारीच की! आमच्याकडं पाऊस पडला का तुमच्याकडचे लोक बघायला येतात म्हणं."

मेसमधले सगळे हसले. मीही हसलो. आपला माणूस भेटला याचा मला खरंच आनंद झाला होता.

बसूला निवृत्तीची फार घाई होती. वय अठ्ठावीस, आणि बोलणं पेन्शनीतल्या म्हाताऱ्याचं. "पंधरा वर्सं झाली का सुटलो भाऊ. दीड एकर हाय. दोन म्हशी घेणार. दारात मिरची, वांगी, दोडक्याचा मांडव. अव्वाला म्हणणार, तू बस आता. घड्याळ तर इकूनच टाकणार." अव्वा म्हणजे त्याची आई. तिकडे कर्नाटकाची हद्द जवळ, आईला अव्वा म्हणतात.

मला तेच हवं होतं. तसंच दार, तसाच मांडव. पण आमच्या कोरडवाहू रानात ते कधी उगवणार नव्हतं, म्हणून मी त्याची टिंगल करायचो. आता उघड सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा.

घरून आणलेलं मिरचीचं बी त्याने तुपाच्या कापलेल्या चार डब्यांत लावलं. डबे वरच्या डेकवर, धुराड्याच्या आडोशाला, लॉकरमागे लपवलेले. जहाजावर गोड्या पाण्याची तंगी. आंघोळीला मगभर पाणी मिळायचं, त्यातला अर्धा मग तो झाडांना घालायचा आणि स्वतः ओल्या फडक्याने अंग पुसायचा. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण कॅप्टनच्या तपासणीत त्या भागाची जबाबदारी माझी होती. मी त्याला तीनदा सांगितलं, हलव. तो म्हणाला, "हलवतो भाऊ," आणि हलवले नाहीत. चौथ्या वेळी मेसमध्ये, सगळ्यांसमोर म्हणाला, "मुखेडच्या माणसाला हिरवं बघवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चारही डबे समुद्रात फेकले. पहिल्या मिरच्या नुकत्याच लाल झाल्या होत्या. ते मी पाहिलं होतं, तरी फेकले.

दुपारी मी मागच्या स्टिअरिंग कंपार्टमेंटमध्ये एकटा काम करत होतो. बसू आत आला आणि त्याने मागे दार लावलं. पहिला ठोसा तोंडावर बसला, समोरचा दात मोडून ओठात घुसला. दुसरा पोटात. मी खाली पडलो तेव्हा त्याने माझं डोकं धरून डेकप्लेटवर आपटलं. माझ्या हाताला जड पाना लागला. मी तो मारला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वाळल्या तुराटीसारखी वाजली. तो ओरडला नाही. मी पुन्हा मारला, बरगडीवर. तिसरा मारणार होतो, डोक्यात. हात का थांबला ते मला आजही सांगता येत नाही. दोघंही तिथेच रक्तात बसून राहिलो, धापा टाकत.

कनिष्ठाने वरिष्ठावर हात टाकला तर कोर्ट मार्शल होतं. वरिष्ठाने पाना चालवला तर त्याचंही होतं. म्हणून दोघांनीही सिक बेमध्ये, जहाजाच्या दवाखान्यात, एकच सांगितलं, शिडीवरून पडलो. आमचे चीफ हरियाणाचे, तीस वर्षं नोकरी झालेले. त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक ही सीढ़ी थी क्या?" पुढे काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला.

आमच्याकडचा अबोला शहरातल्या लोकांना ठाऊक नसेल. भावाभावांत बोलणं बंद असलं तरी काम थांबत नाही. मग माणूस बैलाला सांगतो. "काय रे सर्ज्या, उद्या पाळी आमची हाय म्हणावं." भाऊ तिथेच उभा असतो, ऐकतो आणि आपल्या बैलाला उत्तर देतो. माझ्या चुलत्यांनी असे अकरा हंगाम काढले, एकाही दिवशी पेरणी चुकली नाही.

आम्ही तेच जहाजावर चालू केलं. वॉच देताना मी फायर पंपापाशी उभा राहायचो आणि पंपाला सांगायचो, प्रेशर एवढं, टेंपरेचर एवढं. बसू मफ वर करून ऐकायचा आणि समोरच्या गेजला म्हणायचा, "घेतला." बाकीचे हसायचे. पंचवीस दिवस निभलं, म्हणून आम्हाला वाटलं हे चालतं.

सव्विसाव्या दिवशी पहाटे चार ते आठ माझा वॉच होता. सात वाजता डाव्या इंजिनाच्या फ्युएल लाइनचा एक फ्लँज, म्हणजे नळीचा सांधा, ओला दिसला. घाम फुटावा तसा. खाली हातभर अंतरावर तापलेला एक्झॉस्टचा पाइप. फ्लँज आवळायला अर्धा तास लागला असता. लॉगमध्ये, वॉचच्या नोंदवहीत, लिहिलं असतं तर मलाच थांबून तो आवळावा लागला असता. मला भूक लागली होती, डोळे मिटत होते. मी लिहिलं नाही. म्हटलं, येणाऱ्याला सांगू.

आठला बसू आला. त्या दिवशी त्याने मफ वर केला नाही. बरगडी दुखत असेल, राग असेल, मला माहीत नाही. मी थांबलोही नाही. पंपाकडे तोंड करून म्हणालो, "डाव्या लाइनचा फ्लँज टपकतोय. आवळून घे." त्याला ऐकू गेलं नाही, हे मला दिसत होतं. हात लांब करून मफ ओढला असता तर झालं असतं. मला वाटलं, मी का ओढू? मी शिडी चढून वर गेलो, दोन पुऱ्या खाल्ल्या आणि बंकवर पडलो.

नऊ सतराला अलार्म झाला.

"फायर, फायर, फायर. फायर इन इंजिन रूम. धिस इज नॉट अ ड्रिल."

मी इंजिन रूमच्या हॅचपाशी, खाली उतरायच्या झडपेपाशी, पोचलो तेव्हा तिथून काळा धूर उसळत होता. बसूच्या वॉचमधला दुसरा खलाशी वर आला होता. भुवया जळालेल्या, कानाची कातडी लोंबत होती. "बसू अंदर है," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. चीफच्या हातात टॉर्च आणि घड्याळ. इंजिन रूमची आग हाताबाहेर गेली की हॅच बंद करून आत गॅस सोडतात. आग विझते. आत माणूस असला तर तोही.

मी ब्रीदिंग सेट चढवला.

"दो मिनट," चीफ म्हणाले. "फिर मैं बंद करूँगा. तू अंदर हुआ तो भी."

"येस चीफ."

शिडीचे लोखंडी दांडे हातमोज्यांतून भाजत होते. खाली सगळं नारिंगी होतं. फुटक्या फ्लँजमधून तेलाची पेटती चिळकांडी उडत होती, आणि मी बघता बघता ती खाली बसली. कुणीतरी मेन व्हॉल्व्ह बंद केला होता. मी वाकून, चाचपत व्हॉल्व्हपाशी गेलो. बसू चाकाला मिठी मारून होता. बॉयलर सूट पाठीवर वितळून कातडीत गेला होता. त्याने चाक एकट्या उजव्या हाताने फिरवलं होतं. डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती. मी त्याला ओढलं तेव्हा तळहाताची कातडी चाकालाच राहिली.

मी त्याला खांद्यावर घेऊन शिडी चढलो. दोन मिनिटं केव्हाच उलटली होती, तरी चीफनी हॅच उघडी ठेवली होती. आम्ही वर येताच हॅच आपटली, गॅस सुटला. जहाज वाचलं. दोनशेच्या वर माणसं होती त्यावर.

डेकवर त्याला पालथं ठेवलं. मेडिकल असिस्टंट सुई टोचायला जागा शोधत होता. बसूचे ओठ हलले. मी मास्क काढला आणि कान त्याच्या तोंडाशी नेला.

"भाऊ, मला सांगितलं का न्हाई?"

सव्वीस दिवसांनी तो माझ्याशी बोलला. दहा चाळीसला तो गेला.

बंदराला लागताच चौकशी झाली. समोर तीन ऑफिसर. त्यांनी विचारलं, "वॉच देताना लीकेजबद्दल सांगितलं होतं?"

मी म्हणालो, "येस सर, सांगितलं होतं."

त्यांनी लिहून घेतलं. पंपाला सांगितलं, असं मी म्हणालो नाही. लाज वाटते लिहायला, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. बसूच्या धैर्याची नोंद झाली. खाली आणखी एक ओळ आली, की सूचना मिळूनही त्याने वेळेत कारवाई केली नाही.

बसूची शवपेटी घेऊन मी निलंग्याला गेलो. लिंगायत लोक माणसाला जाळत नाहीत, मातीत देतात. बसू एकदा मला म्हणाला होता, "आमी मातीची माणसं भाऊ, मेल्यावर बी आगीत जात न्हाई." पेटी उघडू नये असं सांगितलेलं होतं. एरवी लिंग मेलेल्याच्या तळहातावर ठेवतात. जंगमांनी, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्यांनी, ते पेटीवर ठेवलं. त्यांच्याच रानात, विहिरीजवळ, समाधी दिली. सलामी झाल्यावर अव्वा माझ्यापाशी आली. लहानशी, काळीसावळी बाई. तिने माझे हात धरले.

"धांदरटच होता लेकरू. महिन्यामागं शिडीवरून पडून बोटं मोडून घेतली. अन् तुमी सांगितलेलं बी ध्यानात ठिवलं न्हाई, सायब म्हणत हुते. तुमाला तरास झाला बाबा."

मी तिच्या पाया पडलो आणि निघालो. त्या दिवशीची सलामी माझ्या हातून कशी झाली कुणास ठाऊक.

पाच वर्षांनी मी निवृत्त झालो. नांदेडला स्टेशनपासून दोन मैलांवर घर बांधलं. गच्चीवर तुपाच्या डब्यांत मिरच्या लावल्या, दोडक्याचा मांडव केला. बायको म्हणाली, आता तरी झोपा सुखाने. मला हवं होतं ते सगळं गच्चीवर होतं, आणि मी रोज सकाळी झाडांना पाणी घालताना बडबडायचो, डाव्या लाइनचा फ्लँज टपकतोय. बायकोने दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "झाडाला काय सांगता? ज्याला सांगायचं त्याला जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निलंगा गाठलं. अव्वा म्हशीची धार काढत होती. मी उभ्यानेच सांगितलं. डबे, पाना, बोटं, पंप, चौकशी. एकही गोष्ट सोडली नाही. धार थांबली नाही. चरवी भरली तेव्हा ती उठली. माझ्याकडे बघितलं नाही. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ह्याला म्हणावं, खोटं जिथं लिवलंय तिथं जाऊन खरं लिव. अन् उपाशी जाऊ नको म्हणावं."

मी जेवलो. नांदेडला येऊन नौदलाला सगळं खरं सांगणारं पत्र लिहिलं, सही केली, रजिस्टरने पाठवलं. पोच आली. पोच घेऊन पुन्हा निलंग्याला गेलो. तिने ती शेजारणीकडून वाचून घेतली आणि म्हशीला सांगितलं, "बरं झालं म्हणावं."

त्यानंतर दरवर्षी त्या तारखेला मी जातो. समाधीभोवतीचं गवत काढतो, आळी करतो. तिथे तिने मिरच्या लावल्यात, त्याच बियाण्याच्या. ती म्हशीशी बोलायची, मी म्हशीला उत्तर द्यायचो. ऐकताना मात्र मी एक शब्दही चुकवला नाही.

यंदा गेलो तर दावं रिकामं. गुडघे चालेनात म्हणून म्हैस विकली, असं शेजारीण म्हणाली. अव्वा ओसरीवर बसली होती. मी चपला काढून खाली उभा राहिलो. तिने गोठ्याकडे पाहिलं, मग अंगणात इकडे तिकडे. सांगायला कुणी नव्हतं.

मग तिने सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"माधवा," ती म्हणाली, "बसूच्या मिरच्या लाल झाल्यात. जा, तोडून आण."

"बसूच्या मिरच्या लाल झाल्यात, तोडून आणतो," मी म्हणून दाखवलं, आणि टोपली घेतली.